विभक्त बीटल्स व आमचे न्यायाधीश

एकत्र कुटुंब विभक्त झालें म्हणजे त्या घरच्या माणसांपेक्षां शेजाऱ्यांनाच अधिक काम लागतें. कोणाच्या वांट्यास माडी गेली, कोणास विहिरीकडील पडवी मिळाली, आणि घर खरोखर कोण चालवीत होता, याचा निकाल ओट्याओट्यावर होऊं लागतो. घरचे लोक कालांतरानें भांडण विसरतात, एकमेकांच्या घरीं कार्यास जातात. शेजाऱ्यांचा खटला मात्र पुढच्या पिढीकडे चालू राहतो. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरच्या ‘बीटल्स’ या रॉक वाद्यवृंदाची गोष्ट नेमकी अशीच झाली आहे. पॉल मॅकार्टनी त्यांतून बाहेर पडल्याचें १० एप्रिल १९७० रोजीं जगजाहीर झालें, त्यास आतां अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला. जॉन लेनन १९८० सालीं मारला गेला. जॉर्ज हॅरिसन २००१ सालीं कर्करोगानें वारला. मॅकार्टनी व रिंगो स्टार हे मागें राहिलेले दोघे ऐंशीच्या पलीकडे गेले. तरीहि चौघांनीं फुटून निघाल्यावर जें स्वतंत्र संगीत केलें तें ताजव्यांत घालावें, आणि त्यावरून एकत्र संसारांतील खरा कर्ता पुरुष कोण होता हें ठरवावें, हा उद्योग अद्याप जोरांत चालू आहे.

अलीकडेच आमच्या महाविद्यालयांतील तरुण प्राध्यापकांच्या एका बैठकींत हा विषय निघाला, व एका बुद्धिमान मित्रानें चार शब्दांत निकाल वाचून दाखविला: लेनन कवि, मॅकार्टनी कारागीर, हॅरिसन साधु, आणि स्टार नशीबवान्. बैठकींतील सर्वांनीं माना डोलावल्या. हा निकाल त्या मित्राचा स्वतःचा नव्हता. विलायतेंत व अमेरिकेंत तो किती तरी वर्षें छापला जात आहे, आणि आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या रसिकांनीं तो जसाच्या तसा उचलला आहे. आमचीहि मान त्या दिवशीं संवयीनें थोडी हाललीच. कारण विद्यार्थिदशेपासून आम्हीहि हेंच सांगत आलों होतों. परंतु घरीं आल्यावर निकालपत्र बाजूस ठेवून आम्हीं त्या तबकड्या पुन्हां एकदां क्रमानें ऐकल्या, आणि आमची खात्री झाली कीं हा निकाल नुसता चुकलेला नाहीं. तो ज्या कायद्याखालीं दिला गेला तो कायदाच चुकीचा आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळासह मांडणें न्यायाचें होईल. तो असा: वेगळें झाल्यावर लेनननें ‘जॉन लेनन/प्लॅस्टिक ओनो बँड’ या तबकडींत आपलें अंतःकरण उघडें करून दाखविलें, आईबापांस पारख्या झालेल्या मुलाचें दुःख त्यानें कोणताहि आडपडदा न ठेवतां गाइलें. त्याच सुमारास मॅकार्टनी बायकोमुलांसह स्कॉटलंडांतील आपल्या शेतावर राहून संसारसुखावर गोड गोड चाली बांधीत होता. एकाच्या संगीतांत सत्य आहे, दुसऱ्याच्या संगीतांत माधुर्य आहे. सत्य हें माधुर्याहून श्रेष्ठ. सबब लेनन श्रेष्ठ. आणि ज्या अर्थीं वेगळे झाल्यावर एकाजवळ सत्य व दुसऱ्याजवळ माधुर्य उरलें, त्या अर्थीं एकत्र असतांनाहि जें जें सखोल तें लेननचें व जें जें गोड तें मॅकार्टनीचें असलें पाहिजे. तर्क दिसावयास सुबक आहे. पण त्याची एकएक पायरी हातानें दाबून पाहिली म्हणजे ती ढासळूं लागते.

तथापि पायऱ्यांकडे वळण्यापूर्वीं, न्यायासन कोणत्या मनःस्थितींत बसलें होतें तें पाहणें अवश्य आहे. व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन ऑगस्ट १९६७ मध्यें वारला, तेव्हांपासून या घरास वडील माणूस उरलें नव्हतें. आपण बाहेर पडणार हें लेनननें सप्टेंबर १९६९ मध्येंच भागीदारांस सांगून टाकलें होतें. पण ती गोष्ट चार भिंतींबाहेर गेली नाहीं. सात महिन्यांनीं मॅकार्टनीची स्वतंत्र तबकडी निघाली, त्या निमित्तानें फूट बाहेर आली. आणि ३१ डिसेंबर १९७० रोजीं भागीदारी मोडण्यासाठीं लंडनच्या कोर्टांत फिर्याद लावणाराहि तोच. अर्थात् घर मोडणारा म्हणून जगानें त्याच्याकडेच बोट दाखविलें. पुढील वर्षीं, १९७१ सालीं, त्यानें पत्नी लिंडा हिच्यासह ‘रॅम’ ही तबकडी काढली. तिच्यावर त्या काळीं अमेरिकेंत जी झोड उठली तींत संगीताविषयीं थोडें व अपराधाविषयीं फार आहे. घर गमावलेल्या माणसांच्या कानांनीं ती ऐकली गेली. आज तीच तबकडी त्याच्या चांगल्या कृतींत गणली जाते. तबकडींतील एक सूरहि या अवधींत बदललेला नाहीं. ऐकणारांचा राग तेवढा ओसरला आहे. खुद्द भावांनीं त्या दिवसांत एकमेकांविषयीं काढलेले उद्गार पुरावा म्हणून पुढें करण्यांतहि अर्थ नाहीं. मॅकार्टनीनें ‘रॅम’मधील एका गाण्यांत लेननला चिमटा काढला, लेनननें ‘हाउ डू यू स्लीप?’ या गाण्यांत त्यास भर बाजारांत थोबाडीत मारली, आणि त्या गाण्यांत गिटार वाजविण्यास हॅरिसन बसला होता. वांटणीच्या दिवशीं जें बोललें जातें तें शहाणे लोक कागदावर उतरून ठेवीत नसतात.

आतां पहिली पायरी. ‘प्लॅस्टिक ओनो बँड’ ही थोर कृति आहे याविषयीं आमचा वाद नाहीं; ती कशामुळें थोर आहे याविषयीं आहे. लेननचा बाप खलाशी, तो लहानपणींच दिसेनासा झालेला. आईनें मुलाला मावशीच्या घरीं ठेवलेलें. आणि ती पुन्हां जवळ येऊं लागली तोंच, १९५८ सालीं, मोटारीची धडक लागून मेली. त्या वेळीं तो सतरा वर्षांचा होता. १९७० सालीं त्यानें आर्थर जानोव्ह या मानसोपचारकाकडून, बालपणींचें दुःख ओरडून बाहेर काढण्याचा एक उपचार करून घेतला, आणि त्यानंतर हीं गाणीं झालीं. ‘मदर’ या पहिल्या गाण्याच्या आरंभीं एक घंटा अतिशय संथपणें वाजते. मग पियानो, बास गिटार, रिंगोचा ड्रम आणि आवाज. दुसरें कांहीं नाहीं. दोन सुरांमध्यें जी मोकळी जागा सोडली आहे तिनेंच ऐकणाराचा जीव गुदमरूं लागतो. शेवटीं गायक आक्रोश करतो हें खरें. परंतु तोंपर्यंत गाण्याची चौकट इतकी काटेकोर आंखली गेली आहे कीं त्या आक्रोशास आपटावयास भिंत मिळते. उघड्या माळावर कोणी ओरडला तर त्याचें ओरडणें वाऱ्यावर जातें. भिंत बांधणें हें काम दुःखाचें नव्हे, कारागिराचें आहे. आणि कारागिरीचा मक्ता तर आमचे मित्र दुसऱ्याच भावाकडे देऊन बसले आहेत.

याला साक्षीदार पाहिजे असेल तर तो स्वतः लेननच आहे. दोनच वर्षांनीं, १९७२ सालीं, त्यानें योको ओनोसह ‘सम टाइम इन न्यू यॉर्क सिटी’ ही तबकडी काढली. ॲटिका तुरुंगांत मारले गेलेले कैदी, उत्तर आयर्लंडांतील गोळीबार, स्त्रियांची गुलामगिरी, असे तींतील विषय. कळकळ खोटी होती असें त्याचा शत्रूहि म्हणणार नाहीं. अमेरिकेचें सरकार त्याच वर्षीं त्यास देशाबाहेर घालवूं पाहत होतें, तेव्हां बोलण्यांत जोखीमहि होती. असें असून तीं गाणीं आज कोणी आपण होऊन ऐकत नाहीं. तबकडीचें वेष्टन वर्तमानपत्रासारखें छापलें होतें, आणि आंतील गाणींहि वर्तमानपत्रासारखींच झालीं: सकाळीं वाचावीं व संध्याकाळीं रद्दींत टाकावीं. सच्चेपणा हेंच जर काव्याचें माप असेल तर १९७० ची व १९७२ ची तबकडी एका तोलाच्या ठरल्या पाहिजेत. लेननचे कट्टे भक्तसुद्धां तसें म्हणत नाहींत. मग निष्कर्ष सरळ आहे. सच्चेपणा हा कवीचा गुण असूं शकेल. कवितेचा गुण व्हावयास त्यास आणखी पुष्कळ मेहनत करावी लागते.

दुसरी पायरी याहून अधिक कच्ची आहे. आणि ती आजवर कशी टिकली याचेंच आम्हांस आश्चर्य वाटतें. लेननच्या ठायीं दुःख होतें व मॅकार्टनीच्या ठायीं नव्हतें, असें गृहीत धरून हा सारा इमला उभारलेला आहे. पण मॅकार्टनीची आई मेरी ही १९५६ सालीं कर्करोगानें वारली, तेव्हां तो चौदा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षीं त्याची व लेननची गांठ पडली, आणि त्यानंतर सुमारें वर्षभरानें लेननची आई गेली. एकाच शहरांतील दोन मुलें, दोघेहि आईविना पोरके. त्यांची मैत्री घट्ट होण्यास हीहि गोष्ट कारण झाली. पुढें एकानें त्या दुःखाची घंटा वाजविली. दुसऱ्याच्या स्वप्नांत आई आली, तिनें धीर दिला, आणि त्या धीराचें त्यानें ‘लेट इट बी’ हें गाणें केलें. दुःख तेंच, दोन स्वभावांत तें दोन प्रकारें मुरलें. आमच्या न्यायाधीशांनीं मात्र पहिल्यास सत्य म्हटलें व दुसऱ्यास साखरेचा पाक. आम्ही विचारतों, हंबरडा फोडणें तेवढें दुःखाचें खरें रूप, आणि दुःख गिळून दुसऱ्यास धीर देणें हें खोटें, हा नियम कोणत्या शास्त्रांत सांगितला आहे? घरांतला कर्ता पुरुष गेल्यावर चौदाव्या दिवशीं जी बाई डोळे पुसून मुलांसाठीं चूल पेटविते, तिचें दुःख ओसरीवर बसून गळा काढणाऱ्या सोयऱ्यापेक्षां उथळ असतें काय?

मॅकार्टनीच्या स्वतंत्र कृतींत दोष नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. दोष पुष्कळ आहेत; परंतु ते गोडव्याचे नाहींत, अर्धवटपणाचे आहेत. त्याला चाल इतकी सहज सुचते कीं ती पूर्ण करण्याचा कंटाळा येतो, आणि ‘हें कच्चें आहे, पुन्हां बस’ असें सांगणारा जोडीदार आतां शेजारीं नसतो. ‘वाइल्ड लाइफ’ (१९७१) ही घाईघाईनें केलेली तबकडी याचें ठळक उदाहरण. पण तोच माणूस १९७० सालीं ‘मेबी आयम अमेझ्ड’ हें गाणें करतो, आणि त्या प्रेमगीतांत प्रेमाच्या जोडीला भय आहे: बुडतां बुडतां जिचा हात हातीं लागला तिच्या जोराचेंच त्याला भय वाटत आहे. १९७३ सालीं ‘बँड ऑन द रन’ची तबकडी करण्यासाठीं तो नायजेरियांतील लागोस येथें जावयास निघाला, तों त्याच्या नव्या ताफ्यांतील पांचांपैकीं दोघे ऐन वेळीं सोडून गेले, तेथें पोंचल्यावर चोरट्यांनीं सुरा दाखवून गाण्यांच्या कच्च्या फिती लांबविल्या. ड्रमहि स्वतःच वाजवून त्यानें ती तबकडी पुरी केली, आणि ऐकणारास वाटावें कीं ही वाऱ्यावर तरंगत आली आहे. आनंद हा आपोआप होतो, आणि दुःख तेवढें कष्टानें मिळतें, हा समज ज्यांनीं कधीं दहा माणसांचें घर हंसतें ठेवून पाहिलें नाहीं त्यांचा आहे. लेनन गेल्यावर त्याच्या आठवणीसाठीं मॅकार्टनीनें ‘हियर टुडे’ (१९८२) हें गाणें केलें. मेलेल्या मित्राशीं कल्पनेंत केलेलें तें बोलणें आहे. एक गिटार व चार तंतुवाद्यें, आणि आवाज कोठेंहि चढविलेला नाहीं. यास जो पाक म्हणेल त्याच्याशीं आमचा वाद संपला.

तिसरी पायरी म्हणजे स्वतंत्र कृतींवरून उलट्या दिशेनें एकत्र कृतींचा हिशेब लावण्याची. जीं गाणीं दोघांच्या नांवावर निघालीं त्यांचीं मुख्य कर्तृत्वें बव्हंशीं आतां ठाऊक आहेत; तेव्हां हा हिशेब पडताळून पाहण्याची सोय आहे. कोणाच्याहि खिजगणतींत नसलेल्या एका एकाकी बाईचें मरण सांगणारें ‘एलिनॉर रिग्बी’ (१९६६) हें गाणें मुख्यतः कोणाचें? मॅकार्टनीचें. कान फाडणारें ‘हेल्टर स्केल्टर’ (१९६८) कोणाचें? तेंहि मॅकार्टनीचें. आणि त्याच वर्षींची, तंतुवाद्यांच्या मऊ दुलईंत गुंडाळलेली ‘गुड नाइट’ ही अंगाई कोणाची? ती लेनननें आपल्या मुलासाठीं केली व रिंगोकडून गाऊन घेतली. म्हणजे सखोल तें एकाचें व गोड तें दुसऱ्याचें, हा हिशेब पहिल्या तीन रकमांतच चुकतो. खरी गोष्ट अशी कीं दोघांजवळहि दोन्ही होतें, आणि एकत्र असतांना एकाचा अतिरेक दुसरा अडवीत असे. ‘वुई कॅन वर्क इट आउट’ (१९६५) मध्यें मॅकार्टनी समेटाची आशा गातो, आणि मधल्या कडव्यांत लेनन आयुष्य थोडें आहे याची आठवण देतो. आशा एकटी असती तर ती भाबडी वाटली असती, आणि इशारा एकटा असता तर कडवट. १९७० नंतर हरवलें तें हें अडविणें. म्हणून लेननच्या पडत्या कृती प्रचारकी झाल्या व मॅकार्टनीच्या पडत्या कृती पोकळ झाल्या. दोघांचे दोष निराळे असले तरी त्यांचें कारण एकच होतें, हें लक्षांत न घेतां एकाच्या दोषांना तेजस्वी व दुसऱ्याच्या दोषांना क्षुद्र म्हणणें हा पक्षपात आहे.

येथें कोणी म्हणेल, मग एकत्र कुटुंबच बरें होतें, फुटणें हाच अनर्थ. तसेंहि आम्ही म्हणत नाहीं, कारण जॉर्ज हॅरिसनची साक्ष त्याच्या विरुद्ध आहे. दोन थोरल्यांच्या जोडीखालीं या धाकट्या भावास तबकडीमागें एखाददुसरें गाणें मिळे. फूट पडतांच, १९७० च्या नोव्हेंबरांत, त्याची ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ ही तीन तबकड्यांची कृति निघाली. तिला नांव देणारें गाणें बीटल्सपुढें जानेवारी १९६९ मध्यें आलें होतें व तसेंच राहिलें. ‘इझन्ट इट अ पिटी’ हें तर १९६६ पासूनचें. एकत्र घराच्या वैभवाबरोबर त्याच्या माजघरांत काय काय दडपलें जात होतें तें या तबकड्यांनीं दाखविलें. उलट, यावरून खरा प्रतिभावान् हॅरिसनच होता असें उठविणाऱ्यांनीं हेंहि पाहावें कीं तो सांचा कित्येक वर्षांचा होता, आणि तो रिकामा झाल्यावर पुढच्या तबकड्यांत ती भरती पुन्हां क्वचितच आली. त्यास साधु ठरविणें तर त्याच्यावरच अन्याय आहे. याच साधूनें १९६६ सालीं ‘टॅक्समन’ या गाण्यांत सरकारी करांबद्दल कडकडून तक्रार केली होती; आणि त्याचें देवाचें गाणें ‘माय स्वीट लॉर्ड’ याच्या चालीवर खटला होऊन, जुन्या एका गाण्याची चाल नकळत उचलली गेली, असा निकाल १९७६ सालीं लागला. भक्ति खरी होती, माणूसहि खरा होता. मखर मात्र रसिकांनीं आणलें.

हॅरिसनच्या बाबतींत आपल्या लोकांस एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. बीटल्सपैकीं कोणाच्याहि स्वतंत्र नांवानें निघालेली पहिली तबकडी म्हणून जी ओळखली जाते, ती ‘वंडरवॉल म्यूझिक’ (१९६८), हिचा मोठा भाग जानेवारी १९६८ मध्यें मुंबईस एच. एम. व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहांत झाला. शिवकुमार शर्मा यांचें संतूर व आशिष खां यांचें सरोद तींत आहे. म्हणजे फूट जाहीर होण्यापूर्वीं दोन वर्षें, या चौघांपैकीं सर्वांत गप्प राहणाऱ्या भावानें आपला वेगळा संसार पहिल्यानें मांडून पाहिला तो आमच्या गांवांत, आणि आमच्या वादकांच्या संगतींत. पुढें १ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यू यॉर्क येथें बांगलादेशच्या निर्वासितांसाठीं पंडित रविशंकर यांच्या सांगण्यावरून त्यानें जो जलसा केला तो सर्वश्रुतच आहे. असें असून ‘विभक्त बीटल्स’ म्हटलें कीं आमचे विद्वान् लेनन आणि मॅकार्टनी यांच्याच पुढें तागडी धरतात, आणि घराशेजारीं घडलेली गोष्ट विलायती पुस्तकांत ठळक अक्षरांत नाहीं म्हणून त्यांना दिसत नाहीं.

राहिला रिंगो. त्यास नशीबवान् म्हणून निकालांत काढणारांनीं ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ नीट पाहावा. लेननच्या त्या एकाकी तबकडीवर ड्रम कोणाचा? रिंगोचा. हॅरिसनच्या त्या तीन तबकड्यांवर ड्रम वाजविणारांत कोण आहे? रिंगो. १९७३ सालीं रिंगोनें आपल्याच नांवाची तबकडी काढली, तेव्हां कोर्टाचे कागद अजून मिटले नव्हते. भागीदारी कायद्यानें मोडली ती १९७५ सालीं. तरी त्या तबकडीसाठीं लेनननें गाणें दिलें, मॅकार्टनीनें दिलें, हॅरिसननें दिलें, आणि तिघेहि आपापल्या परीनें वाजवून-गाऊन गेले. भांडणाच्या ऐन भरांत ज्याच्या दारीं तिन्ही भाऊ येऊन गेले असा घरांत एकच होता. तुलनेच्या कोष्टकांत या गुणासाठीं रकाना नाहीं, म्हणून हा गुणच नाहीं असें ठरतें काय?

आतां या सर्व निकालांच्या मुळाशीं जें एक कारण आहे, आणि ज्याचा उच्चार करणें कोणास बरें वाटत नाहीं, तें सांगितलें पाहिजे. लेनन पांच वर्षें घरीं बसून धाकट्या मुलाला वाढवीत होता. नंतर १७ नोव्हेंबर १९८० रोजीं त्याची व योकोची ‘डबल फँटसी’ ही तबकडी निघाली. तींत मुलाचें कौतुक, बायकोचें प्रेम, घरच्या भाकरीचें समाधान आहे. म्हणजे ज्या सुखाबद्दल दहा वर्षें मॅकार्टनीची टवाळी चालली होती तेंच. कांहीं टीकाकारांनीं या तबकडीसहि आत्मसंतुष्ट म्हणून नाक मुरडलें. बरोबर तीन आठवड्यांनीं, ८ डिसेंबर रोजीं, न्यू यॉर्कमध्यें घराच्या दाराशीं लेननचा खून झाला. तो चाळीस वर्षांचा होता. त्या दिवसापासून तेंच समाधान पवित्र झालें, आणि पुढें त्या तबकडीस अमेरिकेंतील ग्रॅमीचा सर्वोच्च मान मिळाला. त्या शोकांत आम्हीहि सामील आहों. ‘ब्यूटिफुल बॉय’ हें गाणें डोळे कोरडे ठेवून आम्हांस ऐकवत नाहीं. पण मृत्यूनें माणसाविषयींची माया वाढते, गाण्याची योग्यता वाढत नाहीं. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, ही आपल्याकडील म्हण ग्राम्य असली तरी टीकाशास्त्रांतील एक मोठा सिद्धांत तींत आहे. बालकवि अठ्ठाविसाव्या वर्षीं गेले, गडकरी चौतिसाव्या वर्षीं. त्यांनीं लिहिलेल्या ओळींबरोबर न लिहिलेल्या ओळीहि आम्ही त्यांच्या जमेस धरतों. जो जगला त्याच्या मात्र प्रत्येक पडत्या ओळीचा हिशेब मांडतों. मॅकार्टनीनें १९७० सालीं सर्व वाद्यें स्वतः वाजवून घरांत तबकडी केली. २०२० सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, जवळजवळ तशीच पुन्हां केली. पन्नास वर्षें काम करीत राहणाराच्या हातून कमीअधिक होणारच. जगणें हा त्याचा अपराध नव्हे.

मग तुलना करूंच नये काय? अवश्य करावी, पण माणसांची नव्हे, गाण्यांची करावी. हें गाणें पुरें झालें आहे काय, यांतील शब्द व सूर एकमेकांस धरून आहेत काय, आणि जें सांगावयाचें तें यांतून ऐकणारापर्यंत पोंचतें काय, एवढे प्रश्न पुरेसे आहेत. कवीची आई केव्हां गेली, तो कोणत्या वर्षीं मेला, आणि घर कोणी मोडलें, हे प्रश्न चरित्रकारासाठीं राखून ठेवावे. खुद्द घरच्यांनीं तर खटला केव्हांच काढून घेतला आहे. लेननच्या घरगुती फितीवरील आवाज यंत्राच्या साह्यानें पियानोपासून वेगळा काढून, हॅरिसननें १९९५ सालीं वाजवून ठेवलेली गिटार घेऊन, मॅकार्टनी व स्टार यांनीं ‘नाउ अँड देन’ हें गाणें पुरें करून नोव्हेंबर २०२३ मध्यें प्रसिद्ध केलें. गाणें थोर आहे असा आमचा आग्रह नाहीं. पण तें निघाल्यावर दुसऱ्याच दिवशीं आमच्या परिचयाच्या दोघांनीं, यांत लेनन किती व मॅकार्टनी किती, याचें माप घेण्यास सुरुवात केली होती.

हा वाद आम्हीं इतक्या तावानें कां घातला, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर आमच्या स्वतःच्या चुकींत आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका मुलीनें आपल्या कवितांची वही भीतभीत आमच्यापुढें ठेवली होती. आजोळचें अंगण, उन्हांत घातलेलीं वाळवणें, आजीचें हंसणें, असे साधे विषय होते, आणि चार-दोन कविता खरोखर पुऱ्या जमलेल्या होत्या. आम्हीं समासांत लाल शाईनें लिहिलें, ‘यांत वेदना कोठें आहे?’ आम्हांस तो फार मार्मिक प्रश्न वाटला होता. त्या मुलीनें वही परत नेली, आणि पुन्हां कधीं कांहीं दाखविलें नाहीं. तिच्या अंगणांत वेदना असलीच पाहिजे, आणि नसेल तर तें अंगण खोटें, हें आम्हीं ज्या शाळेंत शिकलों तीच शाळा लेननला कवि व मॅकार्टनीला कारागीर म्हणते. विलायतेंतील त्या चौघांस आमच्या निकालानें कांहीं नफानुकसान व्हावयाचें नाहीं. परंतु तोच गज घेऊन आम्ही उद्यां वर्गांत शिरणार आहों, आणि तेथें कोणी तरी वही पुढें करणार आहे.